मोशीची गच्ची, एक हिरवी रेषा आणि कावसजी नायगमवाला

मोशीत राहून तेजोमेघांचे फोटो काढतो, असं सांगितलं की ऑफिसमधले लोक आधी हसतात. त्यांचं चुकत नाही. एका बाजूला भोसरी एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला चाकण आणि मधून रात्रभर ट्रक वाहणारा पुणे-नाशिक हायवे. रात्री दोन वाजता गच्चीवर गेलं तरी आकाश काळं नसतं, राखाडी असतं. मृगाचे ठळक तारे दिसतात, कृत्तिका ओळखू येतात, पण आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही.

तरीही याच गच्चीवरून, जानेवारी-फेब्रुवारीत डोक्यावर येणाऱ्या मिथुन राशीतला एनजीसी २३९२ नावाचा तेजोमेघ मला फोटोत पकडता येतो. त्यासाठी लागतो सहा इंची आरशाचा टेलिस्कोप, एक सीमॉस कॅमेरा आणि एक छोटासा गोल फिल्टर. या फिल्टरमधून फक्त हिरवट-निळ्या रंगाची एक अरुंद पट्टी आत येते, बाकी जवळपास सगळा उजेड बाहेरच अडतो. मोशीचा उजेड अडतो, तेजोमेघाचा आत येतो.

हे जमतं, कारण तेजोमेघाचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला नसतो. त्याचा मोठा हिस्सा मोजक्या बारीक रेषांमध्ये असतो आणि त्यातली सगळ्यात ठळक रेषा हिरवी असते. ती खरंच बारीक आहे की पसरट, यावर १८९० च्या आसपास इंग्लंडमध्ये मोठा वाद चालू होता. त्या वादात मोशीपासून वीसेक किलोमीटरवर, पुण्यातल्या एका कॉलेजच्या आवारातून एक ठाम उत्तर गेलं. ते देणाऱ्या माणसाचं नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. भारतीय खगोलशास्त्राच्या इतिहासात हे नाव मोठं आहे, पण आपल्या पुण्या-पिंपरीत ते फारसं कानावर येत नाही. म्हणून आज त्यांची गोष्ट, आणि सोबत त्या रेषेचीही.

एल्फिन्स्टनमधला प्राध्यापक

नायगमवाला यांचा जन्म १८५७ चा. मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज हे त्यांचं शिक्षणाचं ठिकाण. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन ते १८७८ मध्ये एमए झाले आणि १८८२ मध्ये त्याच कॉलेजात प्रायोगिक भौतिकशास्त्र शिकवू लागले.

त्या काळात हे दोन विषय एकत्र शिकलेल्या माणसाला एक नवीनच दार उघडं होतं. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून फोडायचा, त्यातल्या रेषा पाहायच्या आणि तारा कशाचा बनलाय ते ओळखायचं. हे काम खगोलशास्त्राचं, पण पद्धत रसायनशाळेतली. आज आपण याला खगोलभौतिकी म्हणतो. तेव्हा हा विषय जेमतेम वीस वर्षांचा होता, म्हणजे आजच्या भाषेत अगदीच नवीन टेक्नॉलॉजी.

१८८२ मध्येच भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी कॉलेजला ५,००० रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तेवढीच रक्कम वर घातली. बेत होता वर्णपटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभी करायचा. उपकरणं पाहायला आणि ठरवायला नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तिथे त्यांची गाठ नॉर्मन लॉकियर यांच्याशी पडली आणि बेत मोठा झाला. नुसती प्रयोगशाळा न करता ताऱ्यांचे वर्णपट पाहणारी वेधशाळाच उभी करायची, असं ठरलं.

लॉकियर म्हणजे त्या क्षेत्रातलं केवढं मोठं नाव! नेचर या विज्ञान साप्ताहिकाचे ते संस्थापक-संपादक. सूर्याच्या वर्णपटातल्या एका अनोळखी पिवळ्या रेषेवरून हेलियमची कल्पना पुढे आली, तिच्याशी जोडलेलं नावही त्यांचंच. अशा माणसाने पाठीवर हात ठेवला, तर विशीतल्या प्राध्यापकासाठी ती आयुष्याची दिशा ठरते. नायगमवालांच्या बाबतीत तसंच झालं.

मुंबईतून पुण्यात

वेधशाळेसाठी मुंबईची जागा सोयीची नव्हती. समुद्रकाठची दमट हवा टेलिस्कोपच्या आरशाला मानवत नाही. त्या काळचे आरसे म्हणजे काचेवर चांदीचा पातळ थर, आणि दमट हवेत ती चांदी काळवंडते. पुणे उंचावर, हवा कोरडी. १८८५ मध्ये नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो, तेच हे कॉलेज. वेधशाळाही मग इथेच, कॉलेजच्या आवारात उभी राहिली.

१८८८ मध्ये वेधशाळा तयार झाली. नाव महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. पुढे तिची ओळख ठरली ती डब्लिनच्या ग्रब कंपनीच्या परावर्ती टेलिस्कोपमुळे. वीस इंची आरशाचा हा टेलिस्कोप पुढे कित्येक वर्षं भारतातला सगळ्यात मोठा टेलिस्कोप होता.

आपल्याकडच्या हवामानाची अडचण मात्र तेव्हाही आजच्यासारखीच होती. जून ते सप्टेंबर आकाश बंद. त्यामुळे आठ महिन्यांच्या रात्रींमध्ये वर्षभराचं काम उरकायचं. युरोपातल्या वेधशाळांना ढगांचा त्रास वर्षभर थोडा-थोडा असतो, आपल्याला तो एकगठ्ठा मिळतो. पण ऑक्टोबर उजाडला की पुण्यात एकामागून एक इतक्या स्वच्छ रात्री मिळतात, की लंडनच्या माणसाला हेवा वाटावा.

स्पेक्ट्रोस्कोप नेमकं काय सांगतो?

गोष्टीत पुढे जाण्याआधी एक तांत्रिक मुद्दा समजून घेऊ. त्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही.

बल्बचा किंवा तापलेल्या लोखंडाचा प्रकाश लोलकातून सोडला तर रंगांचा सलग पट्टा दिसतो. विरळ, तापलेल्या वायूचा प्रकाश सोडला तर सलग पट्टा दिसत नाही, ठरावीक जागी सुट्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या, आपल्या बोटांच्या ठशांसारख्या.

लंडनजवळच्या टल्स हिल इथे राहणारे विल्यम हगिन्स यांनी घराच्या बागेत स्वतःची वेधशाळा बांधली होती. २९ ऑगस्ट १८६४ च्या रात्री त्यांनी कालेय तारकासमूहातल्या एनजीसी ६५४३ या तेजोमेघाकडे स्पेक्ट्रोस्कोप वळवला. हा ग्रहीय तेजोमेघ, म्हणजे प्लॅनेटरी नेब्युला. या नावाचा ग्रहांशी काही संबंध नाही. छोट्या टेलिस्कोपमधून तो ग्रहासारखा छोटासा गोल दिसतो, म्हणून विल्यम हर्शेल यांनी अठराव्या शतकात हे नाव पाडलं. प्रत्यक्षात तो म्हणजे म्हाताऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेला वायूचा कोष.

तोपर्यंत बऱ्याच जणांना वाटत होतं की तेजोमेघ म्हणजे लांबच्या ताऱ्यांचे पुंजके, टेलिस्कोप पुरेसा मोठा केला की तारे सुटे दिसतील. हगिन्सना मात्र सलग पट्टा दिसलाच नाही. दिसल्या त्या मोजक्या तेजस्वी रेषा, त्यातली मुख्य हिरवी. म्हणजे हा ताऱ्यांचा पुंजका नाही, हा वायू आहे! घरामागच्या बागेतून एका रात्रीत एवढा मोठा प्रश्न सुटला.

पण लगेच दुसरा उभा राहिला. ही मुख्य हिरवी रेषा प्रयोगशाळेतल्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. मग ती कशाची?

गुरूंचं उत्तर

लॉकियर यांनी या प्रश्नाला एक धाडसी उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं की तेजोमेघ म्हणजे उल्कांचे प्रचंड थवे. या उल्का एकमेकांवर आदळतात, तापतात, त्यांची वाफ होते आणि ती वाफ उजळते. उल्कांमध्ये मॅग्नेशियम असतं. मॅग्नेशियम जळताना त्याच्या वर्णपटात हिरव्या भागात एक पट्टी दिसते आणि तिची कड तेजोमेघाच्या मुख्य रेषेच्या अगदी जवळ येते. तेव्हा तेजोमेघातली हिरवी रेषा म्हणजे त्या मॅग्नेशियमच्या पट्टीचा उरलेला ठळक भाग. या एका कल्पनेवर त्यांनी तारे कसे जन्मतात, तापतात आणि निवतात याची सगळी मांडणी उभारली. १८९० मध्ये यावर त्यांचं पुस्तकही आलं.

हगिन्सना हे मान्य नव्हतं. वाद पेटला.

आता तुम्ही म्हणाल, रेषेची जागा मोजायची आणि विषय संपवायचा. पण तेवढं सोपं नव्हतं. दोन्हींच्या तरंगलांबीतला फरक एक अँगस्ट्रॉमपेक्षाही कमी होता. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. आणि पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला साधारण ३० किलोमीटर वेगाने फिरते, तेवढ्यानेच हिरवी रेषा डॉपलर परिणामामुळे अर्धा अँगस्ट्रॉम इकडे-तिकडे सरकते. तेजोमेघाची स्वतःची गती वेगळीच. म्हणजे मोजायचा फरक आणि मोजण्यातली सरमिसळ जवळपास सारख्याच आकाराची. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनी याच सुमारास अत्यंत काटेकोर मापं घेऊन जागेचा प्रश्न हाताळला, पण त्यासाठी लिकचा ३६ इंची टेलिस्कोप लागला.

दुसरा मार्ग होता आकाराचा. मॅग्नेशियमची ती पट्टी एका बाजूने धारदार असते आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू विरत जाते, कंगव्याच्या दातांसारखी ओळीने फिकट होत. वायूची सुटी रेषा मात्र दोन्ही बाजूंनी सारखीच धारदार असते. तेव्हा प्रश्न असा विचारायचा: तेजोमेघाची हिरवी रेषा एका बाजूला पसरते का? जागा सरकली तरी आकार लपत नाही. हा प्रश्न पुण्यातल्या टेलिस्कोपच्या आवाक्यात होता.

१८९१: पुण्याचं उत्तर

नायगमवालांनी टेलिस्कोप मृगातल्या मोठ्या तेजोमेघाकडे वळवला. हा ग्रहीय तेजोमेघ नाही. इथे तारे मरत नाहीत, जन्मतात. पण वायू तसाच विरळ आणि मुख्य रेषा तीच हिरवी, शिवाय तेजोमेघ मोठा आणि ठळक. पुण्याच्या हिवाळ्यात तो आकाशात उंच चढतो, लंडनपेक्षा कितीतरी उंच. वातावरणाचा थर कमी आडवा येतो, प्रतिमा कमी थरथरते.

त्यांनी रेषा वेगवेगळ्या परिस्थितींत तपासली. स्पेक्ट्रोस्कोपमध्ये एक बारीक फट असते, तिच्यातून प्रकाश आत येतो. फट जास्त उघडी ठेवली तर कुठलीही रेषा जाड दिसते, बारीक केली तर रेषा बारीक होते पण प्रकाश कमी होतो. प्रकाश जितका जास्त पसरवावा तितका बारकावा कळतो, पण रेषा तितकीच फिकी पडते. नवीन काम करणारा माणूस इथे सहज फसतो. त्याला जे बघायचंय ते एखाद्या सेटिंगमध्ये दिसतंच.

नायगमवालांना जे दिसलं ते असं: रेषा प्रत्येक परिस्थितीत बारीक आणि दोन्ही बाजूंनी धारदार. कुठेही एका बाजूला पसरट नाही. म्हणजे ती मॅग्नेशियमची पट्टी नाही. म्हणजे लॉकियर यांच्या मांडणीचा मुख्य आधारच चुकीचा.

हे निरीक्षण १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मंथली नोटिसेसमध्ये छापून आलं.

इथे क्षणभर थांबून हिशोब करा. वेधशाळेची दिशा ज्यांच्यामुळे ठरली, ज्यांच्या शब्दाला साम्राज्यभर वजन होतं, त्यांच्याच आवडत्या सिद्धांताला हा निकाल छेद देत होता. देणारा कोण? वसाहतीतल्या एका कॉलेजचा तिशीतला प्राध्यापक. निरीक्षण खिशात ठेवता आलं असतं. आकाश स्वच्छ नव्हतं, फट नीट बसली नव्हती, असं सांगून गप्प बसता आलं असतं. कोणी विचारायलाही आलं नसतं. नायगमवालांनी दिसलं ते लिहिलं आणि पाठवलं.

आमच्या कामात कोड रिव्ह्यू असतो. सीनिअरच्या कोडमध्ये चूक दिसली की आपण कॉमेंट लिहितो, खोडतो, परत लिहितो आणि शेवटी मंजुरी देऊन मोकळे होतो. मीही केलंय. १८९१ ची ही नोंद वाचल्यापासून तसं करताना हात जरा अडखळतो.

जेऊरची दोन मिनिटं

यानंतरचा मोठा प्रसंग १८९८ चा. २२ जानेवारीला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणात शिरून महाराष्ट्रातून आरपार जाणार होता. मुंबई इलाख्यात तेव्हा प्लेगने थैमान घातलं होतं. तरीही जगभरातली पथकं इथे आली.

लॉकियर स्वतः विजयदुर्गला आले. किल्ल्यावरचे साहेबाचे कट्टे तुम्ही पाहिले असतील, ते याच मुक्कामातले. हेलियमचा शोध विजयदुर्गला लागला, असा मेसेज दरवर्षी फिरतो. पण ती पिवळी रेषा १८६८ ची. त्या वर्षी ग्रहण पाहायला फ्रान्सचे जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते आणि लॉकियर यांनी आपली निरीक्षणं इंग्लंडमधूनच केली. विजयदुर्गची वारी त्यानंतर तीस वर्षांनी झाली.

नायगमवालांनी जागा निवडली ती सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरची. रेल्वेने जड उपकरणं तिथे पोहोचवता येत होती आणि हवा कोरडी होती. लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेलही आपलं पथक घेऊन जेऊरलाच उतरले होते.

खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. सूर्यबिंब पूर्ण झाकतानाचा आणि पुन्हा उघडतानाचा क्षण तर सेकंदांचा. त्या क्षणी सूर्याच्या कडेचा पातळ थर चमकतो आणि काळ्या रेषांचा वर्णपट उलटून तेजस्वी रेषांचा होतो. हे फोटोत पकडायचं, तेही काचेच्या प्लेटवर. प्लेट बदलायची, झाकण उघडायचं, मोजून बंद करायचं, पुन्हा प्लेट. एक हात चुकला तर पुढची संधी कित्येक वर्षांनी आणि दुसऱ्याच देशात. या मोहिमेचा सविस्तर अहवाल नायगमवालांनी १९०२ मध्ये वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा पहिला खंड म्हणून काढला.

एका माणसाची वेधशाळा

वेधशाळा चालली ती नायगमवाला होते तोपर्यंत. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि सरकारने वेधशाळा बंद केली. टेलिस्कोप आणि बाकी उपकरणं तमिळनाडूतल्या कोडाईकनालच्या सरकारी वेधशाळेत पाठवण्यात आली. कोडाईकनालचं मुख्य काम सूर्याचं. रात्रीच्या आकाशासाठी बनलेला पुण्याचा टेलिस्कोप तिथे कित्येक वर्षं नुसता पडून राहिला. पुढे तो पुन्हा उभा केला गेला तेव्हा त्याला लोक भावनगर टेलिस्कोप म्हणू लागले. देणगी देणाऱ्याचं नाव राहिलं, वापरणाऱ्याचं नाही.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही गमतीने एक प्रश्न विचारतो: टीममधले किती लोक उद्या बसखाली आले तर प्रोजेक्ट बंद पडेल? पुण्याच्या वेधशाळेसाठी उत्तर एक होतं. चोवीस वर्षं चाललेली वेधशाळा एका निवृत्तीने संपली. मागे शिकवून तयार केलेला वारस नाही, स्वतंत्र पगारी जागा नाही, नियमित निधी नाही. उपकरण कितीही मोठं असो, त्याभोवती माणसांची साखळी नसेल तर ते शेवटी पेटीत जातं.

रेषेचं नाव ठरलं

हिरव्या रेषेचा प्रश्न अजून बाकी होता. मॅग्नेशियम नाही, मग काय? लोकांनी तोवर एक काल्पनिक मूलद्रव्य मानून त्याचं नावही ठेवलं होतं: नेब्युलियम.

उत्तर १९२७ मध्ये अमेरिकेच्या आयरा बोवेन यांनी दिलं. ही रेषा आपल्या ओळखीच्या ऑक्सिजनचीच आहे, पण दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. हा अणू एका विशिष्ट अवस्थेत अडकला की प्रकाश सोडायला त्याला काही सेकंद ते मिनिट लागतं. अणूंच्या जगात हा काळ म्हणजे युगच. प्रयोगशाळेतल्या वायूत तेवढ्या वेळात दुसरा कण येऊन आदळतो आणि प्रकाश सुटायच्या आधीच ऊर्जा निघून जाते. तेजोमेघात एका घन सेंटिमीटरमध्ये काही शे ते काही हजार कण असतात, आपल्या हवेत अब्जावधींच्या अब्जावधी. तिथे आदळायला कोणी नसतं. अणूला सवड मिळते आणि ५००.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सुटतो.

रेषा बारीक का, तेही यातच आलं. घन पदार्थ नाही, दाट वायू नाही, उल्कांची धडक नाही. अतिविरळ वायूतले सुटे अणू, प्रत्येकाची तीच तरंगलांबी. नायगमवालांनी ३६ वर्षांपूर्वी जे पाहिलं होतं, त्याचं कारण आता मिळालं. तेव्हा ते सत्तरीचे होते. १९३८ मध्ये त्यांचं निधन झालं.

आणि आता, मोशीची गच्ची

माझ्या फिल्टरची पट्टी ७ नॅनोमीटर रुंद आहे, बरोबर ५००.७ वर बसवलेली. आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण ३०० नॅनोमीटरमध्ये पसरलेला असतो. हायवेच्या एलईडी दिव्यांचा उजेड या सगळ्या पट्ट्यात पसरलेला, त्यामुळे त्याचा अगदी थोडा भाग आत येतो. तेजोमेघाची रेषा एक अँगस्ट्रॉमच्या आसपास, म्हणजे ०.१ नॅनोमीटरची. ती आख्खी आत येते. रेषा पसरट असती तर फिल्टरने तेजोमेघही तेवढाच कापला असता आणि मोशीतून काहीच हाती लागलं नसतं.

उरलेलं काम छोट्या एक्स्पोजरचं. जुन्या सीसीडी कॅमेऱ्यात प्रत्येक फोटो वाचताना बराच गोंगाट मिसळायचा, म्हणून कमी फोटो आणि प्रत्येकी दहा-वीस मिनिटं असा हिशोब असायचा. आजच्या सीमॉस सेन्सरमध्ये हा गोंगाट एक-दोन इलेक्ट्रॉनवर आलाय. त्यामुळे चार-चार सेकंदांचे शेकडो फोटो काढून ते एकावर एक रचले तरी फार नुकसान होत नाही. ग्रहीय तेजोमेघ आकाराने लहान पण ठळक असतात, म्हणून त्यांना हे विशेष मानवतं.

फायदे तीन:

१. हवा स्थिर असलेल्या क्षणांचे फोटो ठेवता येतात, थरथरलेले टाकता येतात. मी १,३०० काढतो आणि चांगले ९०० ठेवतो.

२. स्वस्त माउंट चालतं. चार सेकंदांत तारे लांबत नाहीत, आणि फ्रेमचं फिरणं सॉफ्टवेअर नंतर जुळवून घेतं.

३. विमान, उपग्रह किंवा गच्चीचा हलणारा कठडा एकच फोटो खराब करतो, आख्खी रात्र नाही.

९०० फोटो म्हणजे एक तासाचा प्रकाश. सिग्नल ९०० पट वाढतो, गोंगाट त्याच्या वर्गमुळाइतका म्हणजे ३० पट. नफा ३० पटींचा. एक सूचना: एनजीसी २३९२ मोशीत जवळजवळ थेट डोक्यावरून जातो आणि साधं माउंट तिथे गोंधळतं. म्हणून तो डोक्यावर यायच्या दीड-दोन तास आधी किंवा नंतर काम उरका.

आता माझी एक फजिती. पहिल्या वर्षी या तेजोमेघाचा फोटो मी प्रोसेस करत बसलो. शार्पनिंगचा स्लायडर सरकवत गेलो आणि आत बारीक धागे दिसायला लागले, अगदी अवकाश दुर्बिणीच्या फोटोत असतात तसे. मित्रांच्या ग्रुपवर टाकला, वाहवा झाली. मग सहज म्हणून ९०० फोटोंचे दोन भाग केले, सम आणि विषम क्रमांकांचे, आणि दोन्ही तसेच प्रोसेस केले. दोन्हींत धागे होते, पण वेगवेगळ्या जागी! म्हणजे ते तेजोमेघात नव्हते, माझ्या स्लायडरमध्ये होते. मला जे बघायचं होतं, तेच मी बनवलं होतं.

दोन दिवस गप्प बसलो. मग ग्रुपवर दोन्ही अर्धे फोटो टाकले आणि धागे खोटे आहेत असं लिहिलं. नवीन फोटोत नुसता एक गोल आहे, मध्ये तारा आणि भोवती फिकट कडं. दिसायला साधा, पण दोन्ही अर्ध्यांमध्ये सारखा.

तेव्हापासून एक नियम पाळतो, तुम्हीही पाळा. फोटो कुठेही टाकायच्या आधी डेटाचे दोन भाग करा. जे दोन्हींत दिसेल तेच ठेवा. नायगमवालांनी फट आणि पसारा बदलून पुन्हा पुन्हा तीच रेषा तपासली, त्याची ही आपल्या काळातली आवृत्ती.

आमच्या गच्चीखालून जाणारा नाशिकचा रस्ता पुढे नारायणगावच्या बाजूला जातो. त्या भागात खोडदचा महाकाय रेडिओ टेलिस्कोप आहे आणि गिरवलीला आयुकाची दोन मीटर आरशाची वेधशाळा. पुण्यात आता संस्था आहेत, विद्यार्थी आहेत, एका माणसाच्या निवृत्तीने काही बंद पडत नाही. पण पुढच्या वेळी शिवाजीनगरला सीओईपीवरून जाल तेव्हा आठवा, तख्तसिंहजी वेधशाळा याच कॉलेजची होती. आणि ढग नसतील तर त्याच रात्री गच्चीवर या. हिरवी रेषा मोशीतूनही बारीकच दिसते.